उरलेले पाच फूट

मला लहान आतडे म्हणतात. वय एक्कावन्न वर्षे, आणि लांबी सध्या पाच फूट. मित्रांनो, नावातल्या 'लहान' या शब्दावर जाऊ नका. ऐन उमेदीत मी वीस फूट होते, आणि माझ्या शेजारी राहणारे मोठे आतडे जेमतेम पाच. पण ते अंगाने जाड आहे म्हणून मोठे ठरले. काम एकाचे आणि मोठेपणा दुसऱ्याचा, ही जगाची रीतच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमचे शेजाऱ्याशी चांगले जमते.

मी ज्याच्या पोटात राहते तो नळाची कामे करणारा कारागीर आहे. सगळी वस्ती त्याला मिस्त्री म्हणते, म्हणून मीही म्हणते. मिस्त्री आईच्या पोटात अंगठ्याच्या पेराएवढा होता तेव्हा मी इतक्या झपाट्याने वाढले की त्याच्या इवल्याशा पोटात मला जागाच पुरेना. मग मी बेंबीच्या नाळेत जाऊन राहिले. हसू नका, तुमच्या आतड्यानेही हेच केले आहे. काही आठवडे तिथे भाडेकरूसारखे काढायचे आणि इकडे पोट मोठे झाले की गिरकी घेत घेत परत येऊन आपल्या जागी नीट बसायचे, अशी आमची पद्धत आहे. परतताना मी गिरकी थोडी अपुरी घेतली. घाई झाली असेल. त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

पुढे पन्नास वर्षे मी मान खाली घालून काम केले. माझे काम समजायला हवे असेल तर एका घासाबरोबर आत या. दात त्याला भरडतात. लाळ त्याला भिजवते आणि पिठूळ भागाची गोड साखर करायला घेते, म्हणून पाव बराच वेळ चावला की गोडसर लागतो. तिथून घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो. जठर म्हणजे भारी गाजावाजा करणारे गृहस्थ. भूक लागली की गुरगुर त्यांची, आणि लोक म्हणतात पोटात कावळे ओरडतायत. दोन-चार तास ते घासाला आंबट रसात घुसळतात आणि त्याची पेज करतात. मग जठराच्या खालचे दार किंचित उघडते आणि ती पेज थोडी थोडी माझ्याकडे येते.

खरे काम इथून सुरू होते. यकृताकडून हिरवट पित्त येते आणि तेला-तुपाचे बारीक बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस येतो, तो जठराचा आंबटपणा मारतो आणि उरलेल्या सगळ्याचे इतके लहान तुकडे करतो की सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू नयेत. ते तुकडे मी उचलते. माझे अस्तर गुळगुळीत नाही. त्याला घड्या आहेत, घड्यांवर बोटांसारखे लाखो अंकुर आहेत आणि प्रत्येक अंकुरात रक्ताची बारीक वाहिनी आहे. साखर आणि प्रथिनांचे कण त्या रक्तात शिरतात आणि आधी यकृताकडे जातात. स्निग्ध पदार्थ वेगळ्या वाटेने, जरा वळसा घालून जातात. सकाळी खाल्लेले अंडे दुपारी मिस्त्रीच्या दंडात पाना फिरवत असते, ते माझ्यामुळे.

आणि मिस्त्रीने माझी किंमत काय केली? काही नाही. तो उभ्याने जेवायचा. एका हातात पाव, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर कुणाच्या तरी टाकीचा पत्ता. 'सात मिनिटांत ताट साफ' ही त्याची फुशारकी होती. न चावलेले बटाट्याचे तुकडे माझ्याकडे आले की मला त्याचा राग यायचा. पण हातावर पोट असलेल्या माणसावर पोटाने किती रागवायचे? मी ते पोटात घातले.

मग एके दिवशी दुपारी, एका इमारतीच्या गच्चीवर तो टाकीचा व्हॉल्व्ह बदलत होता, तेव्हा माझ्या मधल्या भागाला पीळ पडला. जन्माआधी राहून गेलेली ती अर्धीमुर्धी गिरकी मला तेव्हा भोवली. नीट बांधलेली नसलेली दोरी कधीतरी स्वतःभोवती फिरतेच. रक्त यायचे थांबले आणि माझे फुटामागून फूट काळे पडत गेले. मिस्त्री गच्चीवरच आडवा झाला. त्याचा जोडीदार त्याला पाठीवर घेऊन पाच मजले उतरला.

शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी मिस्त्रीच्या बायकोला त्याच्या खाटेशी बोलावून सांगितले, "जन्मापासूनच ते नीट बसलेलं नव्हतं. यात कुणाची चूक नाही. पंधरा फूट काढावं लागलं. वरचं तीन फूट आणि खालचं दोन फूट उरलंय, ते जोडलंय."

तिने एकच विचारले, "तेवढ्यात भागेल?"

"भागेल की नाही, ते आतडंच ठरवेल," डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, हे वाक्य मी टाक्यांच्या वेदनेतही नीट ऐकले. आणि ठरवले की भागेल.

ठरवणे सोपे होते. पहिले काही आठवडे माझ्याकडे अन्नाचा कणही आला नाही. मिस्त्रीच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या बाजूला, एक नळी बसवली होती. रोज संध्याकाळी नर्स त्या नळीला दुधासारख्या पांढऱ्या पाण्याची पिशवी जोडायची आणि ते अन्न थेट रक्तात जायचे. मला वगळून. त्या पिशवीने मिस्त्री जगला, म्हणून तिच्याबद्दल वावगा शब्द काढणार नाही. पण आतड्याला अन्नाचा स्पर्शच झाला नाही तर ते आक्रसते. माझे अंकुर आखूड होऊ लागले. कामावाचून बसलेल्या कारागिराचे हात जसे आखडतात, तसेच ते होते.

घरी सोडताना डॉक्टरांनी तोंडाने खायला परवानगी दिली, संध्याकाळची पिशवी घरी बायकोने जोडायची असे ठरले, आणि नळीबद्दल त्यांनी बजावले. ती जपायची, तिला घाण लागली तर जंतू थेट रक्तात शिरतील. गटार, तुंबलेले नळ, मैल्याच्या टाक्या, यांच्या जवळपासही फिरकायचे नाही.

"डॉक्टर, तेच तर माझं काम आहे," मिस्त्री म्हणाला.

"मग नळी निघेपर्यंत काम नाही. आतड्यानं अन्न ओढायला सुरुवात केली, नळीशिवाय वजन टिकलं, तर नळी काढू. नाही टिकलं तर ती कायमची."

म्हणजे सगळे माझ्यावर आले. वीस वर्षांचा असल्यापासून ज्याच्या हातात पाना होता, त्याच्या हातात तो पुन्हा येणार की नाही, हे माझ्या पाच फुटांवर ठरणार होते.

इथे मिस्त्रीने अशी चूक केली, जी एखादा मास्तर किंवा शिंपी कधी करणार नाही. ती फक्त नळवालाच करेल. त्याने मला पाइप समजले. त्याच्या धंद्याचा नियम साधा होता: पाइप आतून गुळगुळीत हवा, पाणी जोरात सुटायला हवे आणि काही तुंबता कामा नये. त्यातून त्याला सारखी तहान लागायची. मग काय विचारता! जेवताना दोन तांबे पाणी, जेवणावर फळांचा रस, दुपारी गोड सरबत. दिवसाकाठी चार-पाच लिटर. "वाहतं ठेवायचं," तो बायकोला सांगायचा, "जोडाजवळ काही अडकायला नको." दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पाणी हळू प्यायला सांगितले होते, मीठ-साखर घातलेले पाणी घोट घोट घ्यायला सांगितले होते. त्यांच्यासमोर त्याने मान डोलावली आणि घरी येऊन नळ सोडला.

माझी अवस्था काय वर्णावी? अन्नाचा कण हाती लागतोय न लागतोय तोच वरून लोंढा यायचा आणि सगळे पुढे वाहून न्यायचा. नुसते पाणी आले की माझ्यातले मीठही त्यात उतरायचे आणि पाण्याबरोबर निघून जायचे. तो जितके पीत होता तितका सुकत होता. दिवसातून बारा वेळा त्याला धावावे लागे. मी ओरडून सांगत होते, पण आम्हा आतड्यांची भाषा म्हणजे कळ आणि मुरडा, आणि मिस्त्रीने त्याचा अर्थ लावला की अजून जोरात पाणी सोडायला हवे. तीन आठवड्यांत त्याला उचलून पुन्हा दवाखान्यात न्यावे लागले. शस्त्रक्रियेआधी सत्तर किलोचा माणूस एकोणपन्नासवर आला होता.

मिस्त्रीची बायको एका मोठ्या धुलाई केंद्रात कामाला होती. रोज चारशे टॉवेल धुऊन, सुकवून, घड्या घालायच्या. दवाखान्यातून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला मोरीजवळ स्टुलावर बसवले. एका हातात प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, दुसऱ्या हातात टॉवेल.

"अहो, ह्यातून पाणी सोडा."

मिस्त्रीने पाइपमधून तांब्याभर पाणी सोडले. सगळे खाली गेले.

"पाइपनं किती घेतलं?"

"पाइप कशाला घेईल? सोडायचं काम त्याचं."

"आता ह्याच्यावर ओता. तुम्ही पिता तसं." तिने टॉवेल तिरका धरला. मिस्त्रीने भसकन तांब्या ओतला. बरेचसे पाणी टॉवेलावरून घसरून मोरीत गेले. मग तिने त्याच टॉवेलाचे कोरडे टोक धरले आणि स्वतः वाटीने थेंब थेंब पाणी सोडू लागली. अर्धी वाटी संपली तरी मोरीत टिपूस पडला नाही.

"आहाराच्या मॅडमनी मला चित्र दाखवलं आतड्याचं," ती म्हणाली. "आतून अगदी असंच असतं. हे असे उभे धागे. तुम्ही आयुष्यभर पाइप घासून गुळगुळीत केलेत, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं जग पाइप आहे. तो टॉवेल आहे हो तुमच्या पोटात. आणि आता नॅपकिनएवढाच उरलाय."

मिस्त्रीने टॉवेल हातात घेतला. त्याने त्याचे धागे अंगठ्याने उलटे केले, सुलटे केले. मग म्हणाला, "म्हणजे ठिबक लावायचं."

"काय?"

"बागेला लावतो ना मी. लोंढा नाही, ठिबक. अगं, मग असं सांगायचं ना आधी!"

आधी सांगितले नव्हते जसे काही! पण मी तेही पोटात घातले. त्या क्षणी मला मिस्त्रीच्या बायकोचे पाय धरावेसे वाटले. माझ्याकडे हात नाहीत, नाइलाज आहे.

दुसऱ्या दिवसापासून घराची रीत बदलली. दिवसाला तीन ताटे गेली आणि सहा लहान वाट्या आल्या. मऊ भात, उकडलेला बटाटा, अंडे, थोडे मांस, पाव. जेवताना पाणी बंद. दोन जेवणांच्या मध्ये मीठ-साखरेचे मोजून केलेले पाणी, तेही बाटलीच्या झाकणाने. तुम्हाला एक गंमत सांगते. मीठ आणि साखर माझ्या दारात जोडीने आली तर दार पटकन उघडते, आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत येते. नुसते पाणी एकटेच आले तर माझ्या उरलेल्या तोकड्या अंगाला ते पेलत नाही. मिस्त्रीने एका जुन्या पाइपवर खुणा करून दिवसभरात किती झाकणे प्यायची ते आखले आणि तो पाइप खिडकीशी टांगला. सवय कुठे जाते?

आणि तो चावू लागला. पहिल्या दिवशी एका अंड्याला त्याने पंचवीस मिनिटे लावली. त्याचे जबडे दुखले. त्याने बायकोकडे तक्रार केली, ती म्हणाली, "तोंड दुखलं तर बोलू नका, चावा."

आता माझी पाळी होती. मित्रांनो, माझ्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत जुन्या होऊन गळतात आणि नव्या येतात. म्हणजे मला दर आठवड्याला नव्याने सुरुवात करता येते. मी तीच संधी धरली. येईल त्या प्रत्येक कणाने मला जागे केले. मी माझे अंकुर ताणले. आधी केसभर, मग आणखी केसभर. लांबी वाढवणे माझ्या हातात नव्हते, म्हणून मी घेर वाढवला. खालच्या दोन फुटांना वरच्यांची बरीचशी कामे कधी करावी लागली नव्हती, ती आता शिकावी लागली. काही दिवस जमले नाही. स्निग्ध पदार्थ हातातून निसटायचे, पित्त पुरायचे नाही, मुरडा यायचा. शेजारच्या मोठ्या आतड्याने मोठे मन दाखवले. माझ्याकडून सुटलेला पिठूळ भाग त्याने आपल्याकडच्या जंतूंकडून आंबवून घेतला आणि त्यातून जी काही ताकद निघाली ती मिस्त्रीला दिली. थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात. आम्ही शब्दशः तेच केले.

मध्ये एकदा सगळे बिघडलेही. उन्हाच्या एका दुपारी त्याने चोरून बर्फाच्या सरबताचे दोन मोठे पेले घटाघटा प्यायले. पुढचे दोन दिवस मी काय सोसले ते मलाच ठाऊक.  बायकोने फक्त तो रिकामा पेला त्याच्या उशीशेजारी ठेवला. पुन्हा तसे झाले नाही.

सहा महिने गेले. पांढरी पिशवी रोजची एक दिवसाआड झाली, मग आठवड्यातून दोनदा. वजन त्रेपन्न किलो भरले तेव्हा डॉक्टरांनी परीक्षा लावली. चार आठवडे पिशवी पूर्ण बंद. नळी नुसती बसवलेली राहील. चार आठवड्यांनी वजन बावन्नच्या वर राहिले तर नळी काढायची. बावन्नच्या खाली गेले तर पिशवी पुन्हा सुरू, आणि मिस्त्रीने दुसरा धंदा शोधायचा.

ते चार आठवडे मी जसे काम केले तसे वीस फूट असतानाही केले नव्हते. एक दाणा वाया जाऊ द्यायचा नाही, एवढाच ध्यास. घरात काटा नव्हता, आणि बाहेर वजन करायला मिस्त्री घाबरत होता. तो आरशात आपल्या बरगड्या बघायचा. रोज संध्याकाळी तो हत्यारांची पेटी उघडायचा, पाने पुसायचा आणि पुन्हा बंद करायचा.

अखेर तो दिवस आला. वजनाच्या खोलीत आहारतज्ज्ञ बाई वही घेऊन उभ्या होत्या, बायको दाराशी. मिस्त्रीने चपला काढल्या आणि काट्यावर पाय ठेवला. काटा थांबला त्रेपन्न किलो चारशे ग्रॅमवर.

बायकोच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेले. मी मात्र चक्रावले. कारण मी किती कमावले ते माझ्याइतके कुणाला माहीत असणार? एवढे नक्कीच नव्हते.

आहारतज्ज्ञ बाईंनी आकडा लिहिला नाही. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, चालताना तुमच्या खिशात काहीतरी वाजलं."

"किल्ल्या असतील, मॅडम."

"खिसे रिकामे करा."

मिस्त्रीने डाव्या खिशातून पितळेचे दोन कोपर काढले, म्हणजे नळाच्या वळणावर बसवतात ते जोड. उजव्यातून एक पितळी व्हॉल्व्ह निघाला. मागच्या खिशातून आणखी एक जोड. टेबलावर किलोभराहून जास्त पितळ मांडले गेले.  बायकोचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "रक्तात अन्न कमी पडलं असतं तर ह्या पितळेवर जगणार होतात?"

मित्रांनो, खरे सांगते, मला रडू आले. सहा महिने मी केसाकेसाने वाढले, आणि ज्याच्यासाठी वाढले त्याचा भरवसा माझ्यापेक्षा पितळेवर जास्त होता. पण लगेच मला त्याचा घामेजलेला तळहात आठवला, रोज संध्याकाळी पाने पुसणारा. भीती माणसाला काय करायला लावील सांगता येत नाही.

"आता चढा," बाई म्हणाल्या.

तो चढला. डोळे मिटून. काटा डुलला, खाली गेला, थोडा वर आला आणि थांबला. बावन्न किलो तीनशे ग्रॅम.

बाईंनी तो आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. "हे तुमच्या आतड्याचं," त्या म्हणाल्या. "पितळेचं मी धरलेलं नाही."

मिस्त्री काट्यावरून उतरला. त्याने हात पोटावर ठेवला, टाक्यांच्या वणाच्या थोडा वर, नेमका माझ्यावर. आणि हलकेच म्हणाला, "चुकलो रे बाबा. माफ कर."

पुढच्या आठवड्यात नळी काढली.

तुमच्यातल्या बहुतेकांकडे वीसच्या वीस फूट शाबूत आहेत. ते आतडे कधी बोलणार नाही, बक्षीस मागणार नाही. तुम्ही त्याला लोंढे पाठवू नका, न चावलेले गोळे पाठवू नका, भूक नसताना त्यात उगाच कोंबू नका आणि भूक असताना ताटकळत ठेवू नका. दात तोंडात दिले आहेत, माझ्यात एकही नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. आणि अंग साथ देत नाही असे वाटले, तर त्याला खोटे ठरवण्याआधी थोडा वेळ द्या. ते आत काय करते आहे ते तुम्हाला दिसत नाही.

आज मिस्त्री कामावर आहे. एका इमारतीच्या तळघरात पंप बिघडला आहे. आत्ता तो जिन्याच्या पायरीवर बसला आहे, मांडीवर डबा उघडून. जोडीदाराचे जेवण केव्हाच आटोपले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, "मिस्त्री, पाणी कधी येणार?"

"वीस मिनिटं थांबा," तो म्हणाला. "मी जेवतोय."

आणि त्याने पहिला घास चावायला घेतला.